पलंगाखालचे जोडे

आमच्या घरी खळ शिजवायची म्हणजे आई आधी पाण्यात मोरचूद टाकीत असे आणि मग मैदा. पुस्तके बांधणाऱ्या कोणालाही विचारा, तो सांगेल की हे उलटे आहे. खळ शिजली, जरा निवली, की मग मोरचूद घालायचे. म्हणजे पुठ्ठ्याला कीड लागत नाही आणि उंदीर तोंड लावीत नाहीत. पण खळ निवेपर्यंत आम्ही दोघे भावंडे भांड्याला चिकटून बसत असू, आणि एकदा आईची पाठ वळलेली पाहून आम्ही अर्धे भांडे बोटांनी चाटून साफ केले होते. तेव्हापासून तो विषारी निळा खडा आधी. "आता खा," आई म्हणे. "खा की. कोण नको म्हणतंय?"

हे वाचून कोणाला गहिवर यावा म्हणून मी लिहीत नाही. भूक कशी होती ते सांगायला इतके पुरे आहे.

आम्ही जीनगर. आमचे पूर्वज मराठी फौजेबरोबर माळव्यात आले आणि धारला राहिले. खोगिरे, लगाम, तलवारीची म्याने करून त्यांनी पोट भरले. माझ्या लहानपणी महूच्या छावणीकडून तयार खोगिरे येऊ लागली आणि आमच्या आरीला काम उरले नाही. मग आबा, म्हणजे माझे वडील, पुस्तके बांधू लागले. दाभण तेच, दोरा तोच, कातडेही तेच. फक्त घोड्याच्या पाठीऐवजी दप्तराची पाठ. त्यांना वाचता येत नव्हते. आकडे मात्र ओळखत. पाने सुटी झालेले पुस्तक आले की मजकुराकडे ते बघतही नसत. कोपऱ्यातला आकडा बघायचा, पानामागे पान लावायचे आणि टाके घालायचे. "मजकूर मालकाचा, आकडा आपला," असे म्हणत. दरबारच्या कचेरीतली कित्येक दप्तरे त्यांनी अशी बांधली, पण त्यांत काय लिहिले आहे हे त्यांनी कधी कोणाला विचारले नाही.

माझ्याहून दोन वर्षांनी मोठी बहीण होती. तिला मी आक्का म्हणतो. तिची बोटे बारीक, म्हणून टाके घालायचे काम तिचे. तिला शाळा नव्हती. मला होती. मी मराठी तिसरी पास झालो होतो आणि पुढे इंग्रजी शाळेत जायचे तर फी माफ व्हायला हवी होती. त्यासाठी कोणातरी मानकऱ्याचा शब्द लागे. आमच्यासाठी शब्द टाकणारा धारमध्ये कोणी नव्हता.

अशात एका सरदारांचे कारभारी आमच्या दारात आले. जोडे न काढता ओट्यावर चढले आणि एक कापडी गठ्ठा आबांपुढे टाकला.

"महूच्या एका साहेबाच्या लिलावात आलंय," ते म्हणाले. "पोरांचं चित्रांचं पुस्तक आहे. पानं सगळी सुटी. धाकल्या सरकारांच्या वाढदिवसाला द्यायचं, तोवर त्यांना कळता कामा नये. लाल कातडं घाल, सोनेरी वर्खाचे ठसे घाल. बाईसाहेबांच्या मनास आलं, तर तुझ्या या पोराचं नाव इंग्रजी शाळेत घालून देतो. फी माफ."

"आणि नाही आलं तर, साहेब?" आबांनी विचारले.

"तर याला आरी धरायला शिकव. त्यात काय एवढं?"

धाकले सरकार म्हणजे त्या सरदारांचा एकुलता मुलगा. साधारण माझ्याच वयाचा. दोन वर्षांपूर्वी तापातून उठला तो पाय लुळे होऊनच. तेव्हापासून तो पलंगावर होता हे सगळ्या गावाला माहीत होते.

कारभारी गेले. आबांनी गठ्ठा सोडला. सोळा पाने होती, जाड, एका बाजूला रंगीत. आबांनी पहिल्या पानाचा खालचा कोपरा बघितला, वरचा बघितला, मग पान उलटून पाठ बघितली.

"आकडा कुठाय?"

"नाही," मी म्हटले.

"अक्षर तरी?"

"एकही नाही, आबा. नुसती चित्रं आहेत."

आबांनी ते पान उन्हात धरले. आकडा कागदाच्या आत मुरला असेल असे त्यांना वाटले की काय कोण जाणे. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना पुस्तकाच्या आत बघावे लागत होते, आणि ते घाबरले होते.

चित्रे साहेबांच्या मुलांच्या खेळांची होती. पोत्यात पाय घालून धावणारी मुले, रस्सीखेच, चेंडूफळी (हल्ली सगळे क्रिकेट म्हणतात), नाव वल्हवणे, एकमेकांच्या पाठीवरून उड्या. सगळ्या चित्रांत निळ्या सदऱ्याचा एक मुलगा पुढे असे. त्याने मारलेला चेंडू एका चित्रात थेट चंद्रावर आपटला होता. दुसऱ्यात त्याने घरांच्या छपरांवरून अशी उडी घेतली होती की खाली कावळे माना वर करून बघत होते. आणि सगळ्या चित्रांत पिवळ्या टोपीचा एक जाडा मुलगा होता. तो पडलेला तरी असे नाहीतर सर्वांच्या मागे.

दोन चित्रे वेगळी होती. एकात निळ्या सदऱ्याचा मुलगा पलंगावर पडला होता, अंगावर चौकटीचौकटींची गोधडी. बाजूला पांढऱ्या कपड्यांतली एक बाई आणि दोन पुरुष उभे होते, बोडक्या डोक्यांनी. दुसऱ्यात तोच पलंग, रिकामा. गोधडी खाली लोळत होती आणि खिडकी उघडी होती.

"सोपं आहे," मी म्हटले. "मुलगा खेळतो, खूप खेळतो, मग आजारी पडतो आणि मरतो. हे बघा ना, पुरुष बोडके उभे आहेत. बाई पांढऱ्या लुगड्यात आहे. आणि हा पलंग रिकामा. नेलं त्याला."

आमच्यात चारचौघांत पुरुष बोडका उभा राहतो तो कधी, हे सांगायला नको. घरात कोणी गेले तरच. साहेब लोक घरात शिरताना टोपी काढून हातात धरतात, त्यांच्याकडे आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्या बायका पांढरे कपडे घालतात, हे आम्हाला कोण सांगणार? साहेबाच्या घरात आमच्यापैकी कोणी पाऊल टाकले नव्हते. आबांनी ते चित्र बघितले आणि मान हलवली. "बोडकी माणसं म्हणजे झालंच," ते म्हणाले.

आक्का दोऱ्याला मेण लावीत होती. ती उठून आली आणि पानांवर वाकली.

"मेला नाही तो," ती म्हणाली. "या चित्रात पलंगाखाली जोडे आहेत. तांबड्या नाड्यांचे. आणि या रिकाम्या पलंगाखाली नाहीत. मेलेल्याला जोडे घालून नेतात का?"

"साहेब लोक नेत असतील."

"आणि हे मैदान बघ. चौकटी आहेत. ही त्याची गोधडीच आहे. तो कुठं गेलाच नाही रे, पलंगावर पडल्यापडल्या खेळतोय. बोडक्या माणसांचं पान पहिलं आहे."

"पडल्यापडल्या कोणी खेळतं का? तू खेळतेस?"

"हो," ती म्हणाली. "टाके घालताना."

मी मोठ्याने हसलो आणि तिच्या डोक्यात टपली मारली. "जा, खळ ढवळ जा. म्हणे जोडे!"

आबांनी दोघांकडे पाहिले. त्यांना निर्णय द्यायचा होता आणि त्यांच्याजवळ आकडा नव्हता. "तो शाळेत जातो," ते आक्काला म्हणाले. संपले. पाने मी सांगितली तशी लागली. आक्कानेच ती शिवली, आणि आबांनी इतकी सुंदर बांधणी केली की मी नंतर पुष्कळ ग्रंथालये पाहिली, पण तसे लाल कातडे क्वचित पाहिले. चारी कोपऱ्यांना पितळी ठशाने पाच पाकळ्यांचे फूल उठवले. वरून बांधायला एक नवा कातडी पट्टाही केला. तो कोणी मागितला नव्हता.

वाढदिवसाला आबांनी मला बरोबर नेले. धाकल्यांचे नुकतेच औक्षण झाले होते, कपाळावर कुंकू ओले होते. त्यांच्या आई, बाईसाहेब, चिकाच्या पडद्याआड बसल्या होत्या. त्यांच्या बांगड्या तेवढ्या ऐकू येत. कारभाऱ्यांनी पट्टा सोडून पुस्तक धाकल्यांच्या मांडीवर ठेवले.

मी मुलांचे पुष्कळ आनंद पाहिले आहेत. माझा धंदाच शिकवण्याचा आहे. पण तसा पाहिला नाही. प्रत्येक पानाला तो ओरडत होता. "आईसाहेब, चंद्राला लागला! चंद्राला!" मग बोडक्या माणसांचे पान आले. त्याने पान उलटले. रिकामा पलंग. पुढे नुसता पुठ्ठा.

"मग तो कुठे गेला?" त्याने विचारले.

पंखा ओढणाऱ्या म्हाताऱ्या दासीने तोंडावर पदर घेतला आणि हे काय आणलंस, असे तिच्या माळवीत पुटपुटली, "हाय राम, यो कई लायो रे."

"मेला ना?" धाकले म्हणाले. त्यांनी आबांकडे बोट केले. "हा मला तेच सांगायला आलाय. माझ्या वाढदिवसाला. हो ना रे?"

पडद्याआडच्या बांगड्या थांबल्या. मग बाईसाहेबांचा आवाज आला, अगदी हळू. "कारभारी, याला बाहेर न्या."

बाहेर म्हणजे अंगणात. आबांनी केलेला नवा पट्टा कारभाऱ्यांनी पहारेकऱ्याच्या हाती दिला. आबांनी पागोटे काढून माझ्याजवळ दिले, मळू नये म्हणून, आणि ते बोडके उभे राहिले. तेवढ्यात वरच्या खिडकीत खडखड झाली. धाकल्यांनी नोकरांकडून पलंग खिडकीपाशी ओढवून घेतला होता.

"मी मोजणार," ते वरून म्हणाले. "एक!"

त्यांनी सगळे मोजले. मधेच पहारेकऱ्याचा एक फटका नुसता धोतरावर बसला, तेव्हा ते म्हणाले, "हा धरायचा नाही. पुन्हा."

शेवटी कारभारी आबांना म्हणाले, "आठ दिवस देतो. हे अभद्र नीट करून आण. नाहीतर धारमध्ये तुझ्या हातात कोणी कागद देणार नाही. आणि याची शाळा विसर."

आम्ही घरी आलो. आईने पाठ पाहिली आणि तेल आणायला आत गेली. आबांनी विचारले, "पानं कोणी लावली होती?"

त्यांना माहीत होते. समोर तर लावली होती. पण माणसाला इतके लागले की तो माहीत असलेलेही पुन्हा विचारतो, दुसरे उत्तर मिळेल म्हणून. मी ते उत्तर दिले. मी आक्काकडे बोट केले.

"शिवताना हिने बदलली," मी म्हटले. "मी बरोबर दिली होती."

आक्का माझ्याकडे बघतच राहिली. "मी?" एवढेच म्हणाली. पानांवर आकडा नव्हता, आणि पाने मी सांगितली तशीच शिवली गेली की नाही हे आबांनी तपासले नव्हते. मी हे ओळखून बोललो होतो. नऊ वर्षांचा होतो, पण ओळखून बोललो.

शेगडीवर पितळी ठसा तापत होता. दुसऱ्या एका दप्तराचे काम अर्धे राहिले होते. आबांनी तिचा उजवा हात धरला आणि मनगटाच्या वर तो ठसा टेकवला. पाच पाकळ्या नीट उमटल्या. आमच्याकडे मुलांना डाग देत, ही काही नवलाची गोष्ट नव्हती. पण कातड्यावर ठसा देताना आबा मनात जितके मोजीत, तितकेच त्यांनी तेव्हाही मोजले असे मला वाटते. आई तेलाची वाटी घेऊन बाहेर आली तेव्हा तिला ती दोघांना वापरावी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी स्वतः टाके उसवले. सोळा पाने पुन्हा जमिनीवर पडली. आबा माझ्याकडे बघत होते. मी पानांकडे बघत होतो आणि मला बोडक्या माणसांपलीकडे काही दिसत नव्हते.

आक्का हाताला चिंधी बांधून खाली बसली. तिला कोणी सांगितले नाही. डाव्या हाताने तिने आधी बोडक्या माणसांचे पान उचलले आणि सर्वांत वर ठेवले. मग एकेक मैदान बघत गेली.

"या रस्सीखेचीत चौकटी ठळक आहेत," ती म्हणाली. जणू एकटीच होती. "इथं थोड्या पुसल्या. इथं कडेला तेवढ्या उरल्या. या शेवटच्या उडीत नुसतं गवत, चौकट एकही नाही. तो गोधडीवरून हळूहळू खऱ्या मैदानात जातोय." शेवटी रिकामा पलंग. "आणि आता जोडे घालून खेळायला गेला. खिडकी उघडी आहे ना? बाहेर पोरं हाका मारीत असतील."

रिकामा पलंग होता तिथेच राहिला होता. बोडक्या माणसांचे पान तेवढे मागचे पुढे आले, आणि मेलेला मुलगा उठून खेळायला गेला.

आबांनी मला विचारले, "बरोबर?"

"बरोबर," मी म्हटले.

आठ दिवस पुरे व्हायच्या आत आम्ही पुन्हा गेलो. या वेळी धाकल्यांनी पुस्तक उघडायच्या आधीच मी बोलायला लागलो. गोधडी दाखवली, पुसट होत जाणाऱ्या चौकटी दाखवल्या, आणि शेवटच्या पानावर त्यांना विचारले, "सरकार, पलंगाखाली काय नाही?"

ते पुस्तकावर वाकले. पहिल्या पानाकडे गेले, परत शेवटी आले. "जोडे!" ते ओरडले. "आईसाहेब, जोडे नाहीत! तो गेला, चालत गेला!"

पडद्याआड बाईसाहेब रडत होत्या. तशातच त्यांनी विचारले, "हे कोणाला सुचलं?"

आबा माझ्याकडे बघत होते. मुलीचे नाव सांगून काय मिळणार होते? मुलीला कोणती शाळा देणार होते? त्यांचे तोंड मिटलेले होते आणि ते मिटलेलेच राहणार हे मला दिसत होते.

"मला," मी म्हटले.

"कारभारी, याचं नाव शाळेत घाला."

घरी परतताना अर्ध्या वाटेवर आबा थांबले. जिने या वेळी बरोबर लावले तिने आधी चुकीचे लावले नसणार, इतका हिशेब त्यांना वाचता न येताही करता येत होता. मला वाटले, मारतील. त्यांनी मारले नाही.

"एका जरी इयत्तेत नापास झालास," ते म्हणाले, "तर ठसा तुला." आणि चालू लागले.

मी कधी नापास झालो नाही.

पण शाळेची एक अट निघाली. शाळा सुटल्यावर रोज मी धाकल्यांकडे जायचे आणि पुस्तकातला एक खेळ त्यांच्या पलंगासमोर खेळून दाखवायचा. "मी निळा सदरा," पहिल्याच दिवशी ते म्हणाले. "तू पिवळी टोपी." टोपीही त्यांनी शिवून घेतली होती. पिवळ्या टोपीचे काम हरण्याचे. पोत्याच्या शर्यतीत मी पोत्यासकट पडायचे. चेंडूफळीत ते उशीला टेकून चेंडू फेकायचे आणि मी बाद व्हायचे. चेंडू लागला नाही तर तो मी उचलून पुन्हा त्यांच्या हातात द्यायचा आणि लागेपर्यंत उभे राहायचे. माझा पुढचा एक दात अर्धा आहे तो त्या चेंडूने. रक्त आले तेव्हा त्यांनी दासीला सांगितले, "पुसू नको. पुस्तकात नाही ते."

त्या मुलाचे पाय गेले होते म्हणून मी त्याला माफ करावे असे पुष्कळांनी मला सांगितले आहे. त्याचे पाय मी घेतले नव्हते.

रोज गोष्टही नवी लागे. या पानावर मुले एकमेकांना काय म्हणताहेत, रस्सी कोणी सोडली, नावेत पाणी कसे शिरले, हे सांगायचे. मला काही सुचत नसे. संध्याकाळी घरी गेलो की मी आक्काला ते चित्र आठवून सांगे, आणि ती टाके घालता घालता त्याची गोष्ट करी. तिने तो पलंग पाहिला नव्हता, तो मुलगा पाहिला नव्हता. डाग दिल्याबद्दल ती कधी एक शब्द बोलली नाही. मीही बोललो नाही.

"आज काय झालं रे, पिवळी टोपी?" ती विचारी.

"हरलो."

"उद्या सांग त्यांना, रस्सी तुटते आणि पिवळी टोपी जिंकते."

"वेडी आहेस का? मारतील."

"मग नको सांगू. मला माहीत आहे ते."

अकरा संपून बारावे लागले तशी तिला दाखवायला सुरुवात झाली. हातावरच्या फुलाबद्दल कोणी विचारले की आई सांगे, गोंदण आहे, माळव्यात असेच गोंदतात. देवासच्या दोन गाद्यांपैकी थोरल्या पातीच्या पागेत खोगिरे शिवणाऱ्या एका घरी तिला दिले. लग्नात ती माझ्याकडे बघून हसली. का ते मला अजून कळलेले नाही.

ती गेली आणि माझ्या गोष्टी आटल्या. चौथ्या दिवशी मी जुनीच गोष्ट फिरवून सांगितली. धाकल्यांनी पुस्तक मिटले.

"कोण सांगायचं तुला?" त्यांनी विचारले.

"मीच, सरकार."

"खोटं. जोडे बघणारा डोळा तुझा नव्हे. रोज तुझ्या तोंडावर चेंडू येतो तोसुद्धा तुला दिसत नाही." ते हसले. "बहीण होती ना तुझी? लग्न झालं ना तिचं? मग तुझा काय उपयोग?"

आईसाहेबांना सांगतील आणि शाळा जाईल म्हणून मी त्यांच्या पलंगाची कड धरली. त्यांनी माझी बोटे एकेक करून सोडवली.

"जा, शीक," ते म्हणाले. "नाव लागलंय ते लागलंय. हरायला दुसरा कोणीही मिळेल."

मी शिकलो. ते कसे शिकलो हे सांगताना मी लाजणार नाही. चिमणीच्या काजळीने नाक काळे करून शिकलो. मुख्य परीक्षांना बसलो तेव्हा अंगात ताप होता. इंदूरला कॉलेजात वरच्या वर्गांतली मुले मला "खोगीर" म्हणत आणि "क्यों भिया, घोडा कहाँ बाँधा?" असे विचारीत, त्यांच्यातले निम्मे गळाले, मी गळालो नाही. त्या परीक्षांत मला कोणी कुजबुजून उत्तरे सांगितली नाहीत. त्या माझ्या आहेत.

पदवीचा निकाल कळला त्या आठवड्यात मी देवासला गेलो. आबा तेव्हा नव्हते. आक्का अंगणात बसून खोगिराच्या गादीला टाके घालीत होती, पोटाशी तिसरे मूल. एवढ्यातच केस पांढरे व्हायला लागले होते. हातावरचे फूल वयाबरोबर मोठे झाले होते. कातडे ताणले की ठसाही ताणतो.

"या, पिवळी टोपी," ती म्हणाली.

"आक्का, मी बी. ए. झालो."

"म्हणजे खूप पुस्तकं वाचावी लागतात ना?"

"खूप."

"चित्रं असतात त्यांत?"

"नाही. एकही नाही."

"आकडे असतील पानांवर?"

"हो, सगळ्या पानांवर असतात."

"मग बरोबर आहे," ती म्हणाली आणि दोरा दातांनी तोडला. "ते तुला जमण्यासारखंच होतं."

तिच्या सासूने मला गूळ-पाणी दिले. आक्काने दुसरा दोरा ओवला. जे सांगायला गेलो होतो ते सांगून झाले होते आणि जे सांगायला हवे होते ते मी तेव्हाही सांगितले नाही. संध्याकाळच्या टांग्याने परत इंदूरला आलो.

आमच्या घराण्यात वाचता येणारा मी पहिला, आणि बी. ए. झालेलाही मीच पहिला.